नकाशाचा उजवा खालचा कोपरा

आमच्याकडे मॉडेल विमानाचा जो नकाशा होता त्याला उजवा खालचा कोपरा नव्हता. फाटला वगैरे नव्हता. मूळ कागदावरून कुणीतरी ट्रेसिंग काढलं, ट्रेसिंगवरून अमोनिया प्रिंट निघाली, त्या प्रिंटवरून पुन्हा ट्रेसिंग, आणि या उतरवाउतरवीत कधीतरी तो चौकोन गळला. ड्रॉइंगच्या प्रत्येक कागदावर असतो तो चौकोन: विमानाचं नाव, माप, तारीख आणि रेखाटणाऱ्याचं नाव. आमच्या कागदावर पंखाच्या फासळ्या होत्या, बेलक्रँकची जागा होती, प्लायवूड कुठे आणि बाल्साचं हलकं लाकूड कुठे तेही होतं. विमान कुणाचं, एवढंच नव्हतं.

1984 साली मी पुण्यात कॉलेजात होतो आणि एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो. परेड सगळेच कॅडेट करत, पण आमच्याकडे एक खोली जास्तीची होती, एरोमॉडेलिंगची. परेडपेक्षा मी त्या खोलीसाठी एनसीसीत टिकलो. लांबलचक टेबल, त्यावर पसरलेला नकाशा, नकाशावर प्लॅस्टिकचा पातळ कागद आणि त्यावर टाचण्यांनी रोवून ठेवलेल्या फासळ्या. भिंतीला पंख मोडलेली विमानं टांगलेली. डोप म्हणजे पंखांना लावायचं लॅकर, ईथर आणि एरंडेल यांचा मिळून एक वास, जो शर्टातून दोन धुण्यांनीही जात नसे. इन्स्ट्रक्टर सर मोजकं बोलत. हा नकाशा कुणाचा, असं मी त्यांना पहिल्याच आठवड्यात विचारलं. "आपला आहे," ते म्हणाले. त्यांना तो त्यांच्या आधीच्या माणसाकडून मिळाला होता, त्या माणसाला आणखी कुणाकडून. त्या अर्थाने सर बरोबरच बोलत होते.

आमची विमानं तारांवर उडवायची, कंट्रोल लाइनची. हा प्रकार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. विमान लहान असतं, पण त्याला इंजिन असतं, पंखा असतो, आणि ते पंखांच्याच जोरावर उडतं. त्याच्या डाव्या पंखाच्या टोकातून पोलादाच्या दोन बारीक तारा निघतात आणि पंधरा-वीस मीटरवर मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या हँडलला येऊन मिळतात. विमान त्या माणसाभोवती फिरतं, माणूस स्वतःभोवती. आमच्या गावाकडे, सोलापूर जिल्ह्यात, खळ्याच्या मधोमध तिवडा रोवत आणि त्याला जुंपलेली बैलांची पात गोल फिरत कणसं तुडवी. मैदानावर पहिल्यांदा ते दृश्य पाहिलं तेव्हा मला तिवडाच आठवला. मात्र इथली सगळी विद्या तिवड्याच्या हातात होती.

पंखाच्या पोटात बेलक्रँक नावाचा एक त्रिकोणी तुकडा खिळीवर फिरतो. त्याच्या दोन कोनांना दोन तारा, तिसऱ्या कोनाला एक सळई, आणि ती सळई मागे शेपटीतल्या एलिव्हेटरपर्यंत, म्हणजे वर-खाली वळणाऱ्या फळीपर्यंत जाते. एक तार ओढली की नाक वर, दुसरी ओढली की खाली. नियंत्रण एवढंच. डावी-उजवीकडे वळवण्याचा प्रश्न येत नाही, वेग कमी-जास्त करता येत नाही, आणि एकदा सोडलेलं विमान टाकीतलं इंधन संपेपर्यंत थांबवता येत नाही. पण या एवढ्याशा वर-खालीतून लूप निघतो, उलटं उडणं निघतं, आडवा आठ, उभा आठ, डोक्यावरचा आठ, चौकोन, त्रिकोण, चार पाकळ्यांचं फूल निघतं. जागतिक स्पर्धेत हे सगळं ओळीने, ठरलेल्या उंचीवर आणि ठरलेल्या कोनात, इंजिन सुरू करण्यापासून विमान टेकेपर्यंत सात मिनिटांत करून दाखवावं लागतं.

आणि ओढ. ही गोष्ट लिहून पोचवणं अवघड आहे, तरी हिशेब मांडतो. सव्वा किलोचं विमान 18 मीटरच्या तारेवर सव्वापाच सेकंदांत एक फेरी मारत असेल, तर त्याचा वेग ताशी 75 ते 80 किलोमीटर होतो आणि हातावर सव्वातीन किलोच्या आसपास ओढ येते. सतत. ही ओढ गेली की सगळंच गेलं, कारण तारा सैल पडल्या की हँडल कितीही वळवा, शेपटीला काही कळत नाही. म्हणून या विमानांमध्ये जे काही गुपित असतं ते बहुतेक ओढ टिकवण्यासाठीच. इंजिनाचं नाक किंचित बाहेरच्या बाजूला वळवलेलं, रडर, म्हणजे शेपटीची उभी फळी, बाहेर वाकवलेलं, बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचा छोटा तुकडा, कारण आतल्या पंखाला तारांचं वजन तोलायचं असतं. विमान सारखं बाहेर निसटू पाहतं, असंच ते घडवलेलं असतं. निसटू पाहतं म्हणून तर ते हाताशी राहतं.

आमचं इंजिन कलकत्त्याहून आलेलं, लहानसं डिझेल. मॉडेलवाल्यांच्या भाषेतलं डिझेल, म्हणजे प्लग नाही, बॅटरी नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल साधारण समभाग. दाबाने ईथर पेटतं आणि डोक्यावरच्या स्क्रूने दाब कमी-जास्त करायचा. ईथरची बाटली सर कुलपात ठेवत. पंखा बोटाने फटकारून इंजिन सुरू करायचं. स्क्रू जास्त आवळला गेला असेल तर पंखा उलटा झटका देतो. माझ्या उजव्या तर्जनीवर त्याचा व्रण अजून आहे, आणि थंडीत तो दुखतो.

पहिल्या उड्डाणाच्या वेळी सर माझ्या पाठीमागे, माझ्याच हातावर हात ठेवून उभे होते. "मनगट बांधून टाक. हात खांद्यातून हलव. विमानाकडे बघ, झाडांकडे बघायचं नाही." मनगट सैल ठेवलं की नवशिक्याकडून हमखास जास्त वळतं आणि विमान डुबक्या मारत जमिनीत जातं. झाडांकडे बघितलं की भोवळ येते, कारण झाडं फिरत असतात. विमानाकडे बघितलं तर विमान स्थिर आणि बाकी जग मागून वाहत जातं. मी आठ-दहा फेऱ्या टिकलो. टाकी संपली, इंजिन एकदम गप्प झालं, विमान तारांच्या टोकाशी सरकत गवतावर टेकलं आणि मी बसकण मारली. जमीन बराच वेळ फिरत होती. मी हसत होतो की रडत, ते मला सांगता येणार नाही. हाताला मात्र ती ओढ रात्री झोपेतही जाणवत राहिली.

तिसऱ्या आठवड्यात मी विमान पाडलं. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वर चढवलं, जे करायचं नसतं, कारण तिथे वारा विमानाला आत ढकलतो. तारा सैल पडल्या. "मागे पळ!" सर ओरडले. मी जागचा हललो नाही. विमान माझ्या डोक्यावरून येऊन दहा पावलांवर नाकाने आपटलं.

त्या संध्याकाळी खोलीत मोडके तुकडे जुळवताना मला पहिल्यांदा त्या अनामिक माणसाची ओळख झाली. आमच्या विमानाचं अंग पोकळ नव्हतं. एका सपाट फळीतून विमानाची बाजूची आकृती कापून काढावी तसं ते होतं. याला प्रोफाइल म्हणतात. नाकापाशी दोन्ही बाजूंनी प्लायवूड चिकटवलेलं. फळी मोडली होती ती तिरकी, लांब तुकड्यात, म्हणजे सरस लावून दाबून ठेवली की पुन्हा एक होणारी. पंख त्या फळीतल्या खाचेत आरपार बसवलेला, त्यामुळे तो बिनधक्का राहिला होता. कागदावर रेघ ओढताना त्या माणसाच्या डोळ्यांसमोर मी होतो. म्हणजे मी नव्हे, माझ्यासारखा कुणीतरी पोरगा, जो तिसऱ्या आठवड्यात हे विमान पाडणार आणि रात्री सरस घेऊन बसणार. त्याने मोडायची जागासुद्धा सोय बघून ठरवल्यासारखी वाटली. सकाळी विमान उडण्याजोगं होतं.

पुढे नोकरी लागली, मुंबईत आलो, विमानं सुटली. 1991 साली फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या ढिगात एक अमेरिकन मॉडेलिंगचं मासिक हाती आलं, 1950 च्या दशकातलं. चाळताना एका जाहिरातीपाशी थांबलो. ते आमचं विमान होतं. नाकापासून शेपटीपर्यंतची ती रेघ मी इतक्या वेळा कापली होती, घासली होती आणि चिकटवली होती, की ती ओळखायला मला क्षणही लागला नाही. आमच्या छोट्या इंजिनासाठी कुणीतरी ते मापाने लहान केलं होतं, एवढंच. नाव छापलं होतं: रिंगमास्टर. फिलाडेल्फियाच्या स्टर्लिंग मॉडेल्स कंपनीचं किट, म्हणजे घरी जोडायचा सुट्या भागांचा खोका. पंखांचा पसारा 42 इंच, म्हणजे 107 सेंटिमीटर. मासिक घेतलं आणि त्या दिवशी लोकलमध्ये गर्दीत ते छातीशी धरून उभा राहिलो.

जाहिरातीत विमानाचं नाव मोठ्या अक्षरात होतं, कंपनीचं होतं, किंमत होती. माणसाचं नाव तिथेही नव्हतं. ते मला इंटरनेट आल्यावर कळलं: मॅट कानिया.

त्या नावाने मला इतका आनंद का झाला, याचा मी बराच विचार केला आहे. या प्रकारातल्या मोठ्या नावांमध्ये कानियाचं नाव चटकन घेतलं जात नाही. मोठं नाव म्हणजे टेक्ससचा जॉर्ज ऑल्ड्रिच आणि त्याचं नोबलर. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला हे विमान आलं आणि कसरतीच्या विमानाचा साचाच त्याने ठरवून दिला. जाड, बोथट नाकाचा, टोकाकडे निमुळता पंख. पसारा 50 इंच. आणि पंखाच्या मागच्या कडेला फ्लॅप, म्हणजे वर-खाली वळणाऱ्या पट्ट्या, ज्या त्याच बेलक्रँकला जोडलेल्या. एलिव्हेटर वर गेला की फ्लॅप खाली येतात, पंखाची उचलण्याची ताकद नेमकी त्या क्षणी वाढते आणि विमान न ढासळता कोपऱ्यातून वळतं. कॅलिफोर्नियाच्या बॉब पामरनेही फ्लॅपवाल्या विमानांमधून असाच मऊपणा आणला होता. त्याची चीफ, स्मूदी, थंडरबर्ड ही विमानं वेको कंपनीने किट म्हणून विकली. नोबलरचं किट शिकागोच्या टॉप फ्लाइटने काढलं, आणि त्याच्या पहिल्या हिरव्या खोक्याला आजही लोक 'ग्रीन बॉक्स नोबलर' म्हणून ओळखतात, जसं आपल्याकडे एखाद्या दिवाळी अंकाला मुखपृष्ठावरून ओळखावं.

नोबलरचा मी आदर करतो. त्याचा पंख कागदावर बघितला तरी समजतं की या माणसाने हवेला फार जवळून ऐकलं आहे. पण माझं मत विचाराल तर रिंगमास्टर हे जास्त कठीण काम आहे. विजेत्यासाठी विमान काढताना समोरच्याचा हात तयार आहे हे धरून चालता येतं. कानियाला असा हात धरता येत नव्हता. त्याच्यापुढे होता बारा-चौदा वर्षांचा मुलगा, हातात दाढीचं ब्लेड, स्वयंपाकघरातलं टेबल आणि खिशात जेमतेम किटपुरते पैसे. फ्लॅप नाहीत, कारण ते नीट जुळवणं मुलाला जमेलच असं नाही. पोकळ अंग नाही. पंखाची बांधणी सरळ. आणि इतकं साधं असूनही ते लूप मारतं, उलटं उडतं, शिकाऊ हाताला सांभाळतं आणि तयार हाताला कंटाळा आणत नाही. अमेरिकेत हे विमान पिढ्यान्पिढ्या लोकांनी बांधलं. दर ऑक्टोबरात एक आठवडाअखेर ठरवून जगभरचे लोक आपापल्या मैदानांवर रिंगमास्टर उडवतात आणि किती उड्डाणं झाली ते मोजतात. फिलाडेल्फियात काढलेली ती रेघ पुण्याच्या खोलीत नावाशिवाय पोचली याचं मला आधी वाईट वाटायचं. आता वाटतं, रेघ इतकी चांगली होती म्हणून नाव गळल्यावरही ती चालत राहिली. पण नाव गळायला नको होतं, हे माझं म्हणणं अजूनही आहे.

नावांवरून या छंदात एक मोठा खटलाच झालेला आहे.

हा प्रकार जगभर पसरवला तो ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या जिम वॉकरने. त्याची कंपनी अमेरिकन ज्युनियर, त्याचं विमान फायरबॉल, साल 1940, आणि त्याने या पद्धतीला दिलेलं नाव यू-कंट्रोल. माणूस विलक्षण होता. गर्दीसमोर तो एकाच वेळी तीन विमानं उडवून दाखवी: दोन दोन हातांत आणि तिसरं डोक्यावर बांधलेल्या हँडलवर. तीन विमानं एकाच वर्तुळात आणि मधोमध मान डोलावणारा, हात हलवणारा हा माणूस. दुसऱ्या महायुद्धात त्याची पंख मिटणारी ग्लायडर सैनिकांना नेम शिकवायला वापरली गेली. 1942 साली त्याला बेलक्रँकच्या पद्धतीचं पेटंट मिळालं आणि इतर कंपन्या त्याला स्वामित्वधन देऊ लागल्या.

त्याच्या आधी कुणी दोरीवर विमान उडवलंच नव्हतं असं मात्र नाही. टेक्ससमधल्या शुलनबर्ग गावच्या स्टॅन्झेल बंधूंनी 1939 मध्येच टायगर शार्क हे विमान बाजारात आणलं होतं. त्यांची नियंत्रणाची तऱ्हा वेगळी होती, आणि पुढे एकच तार पिळून विमान वर-खाली करण्याची मोनोलाइन पद्धतही त्यांचीच. एकाच तारेला हवेचा अडथळा कमी, म्हणून वेगाच्या स्पर्धेवाल्यांनी ती उचलली.

पण खटल्यात जे नाव पुढे आलं ते वेगळंच. लेरॉय कॉक्स हा कॅलिफोर्नियाचा कारखानदार; पुढे त्याच्या 0.8 सीसीच्या चिमुकल्या इंजिनांनी आणि प्लॅस्टिकच्या तयार विमानांनी हा छंद लाखो मुलांपर्यंत नेला. वॉकरचं आणि त्याचं पेटंटवरून वाजलं. 1955 साली कोर्टात ओबा सेंट क्लेअर नावाचा माणूस उभा राहिला. तोही ओरेगनचाच. त्याने 1937 साली 'मिस शर्ली' नावाचं विमान बेलक्रँक बसवून, तारांवर उडवलं होतं, वॉकरच्या फायरबॉलच्या तीन वर्षं आधी. कोर्टाने ते मानलं आणि वॉकरचं पेटंट रद्द ठरलं. 1958 मध्ये वॉकर वारला.

मी हा प्रसंग अनेकांच्या लिहिण्यातून वाचला आहे, आणि वाचणारे सहसा एक बाजू घेतात. मला ती घेता येत नाही. सेंट क्लेअरने आधी केलं यात शंका नाही, आणि इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाचं नाव एकदा मोठ्याने उच्चारलं गेलं याचं मला समाधान वाटतं. पण मिस शर्ली ओरेगनमध्येच राहिली असती. पुण्याच्या मैदानावर सरांच्या हातातलं हँडल माझ्या हातात आलं ते वॉकरमुळे, त्याने गावोगाव जाऊन तीन-तीन विमानं फिरवली म्हणून. चौकोनात दोन नावं मावतात. जागा असते.

जागा कुणी करून ठेवली आहे तेही सांगतो. अमेरिकेत जुन्या विमानांच्या वेगळ्या स्पर्धा होतात. 'ओल्ड टाइम' गटात 31 डिसेंबर 1952 पर्यंतचीच विमानं चालतात, 'क्लासिक' गटात 31 डिसेंबर 1969 पर्यंतची. ॲरिझोनातल्या टुसॉनला 1989 पासून याच जुन्या विमानांचा मेळा भरत आला आहे. या नियमाचा एक परिणाम मला फार आवडतो. विमान घेऊन मैदानात उतरायचं तर ते कुणाचं आणि कधीचं हे माहीत असावं लागतं. शंका आलीच तर छापलेला नकाशा, मासिकाचं पान, किटची जाहिरात दाखवावी लागते. म्हणजे उडवणाऱ्याला नाव शोधावंच लागतं. कुणाच्या माळ्यावर पडलेल्या पेट्या उघडल्या गेल्या, बंद पडलेल्या कंपन्यांचे कागद पुन्हा काढून घेतले गेले, आणि ज्यांनी विमानं काढली होती त्यांच्यापैकी काही म्हाताऱ्यांना हयातीत कळलं की आपली रेघ अजून उडते आहे. रिंगमास्टरही त्या जुन्या गटात बसतं.

दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि पुण्याला परत आलो. एका मित्राने अमेरिकेहून येताना एक जुनं फॉक्स 35 आणून दिलं. ड्यूक फॉक्सने 1940 च्या दशकाच्या अखेरीस काढलेलं हे इंजिन, घन इंचात .35, म्हणजे साधारण पावणेसहा सीसी, आणि कंपनी ते अनेक दशकं बनवत राहिली. रे आर्डनचा ग्लो प्लग, म्हणजे एकदा तापवला की चालत्या इंजिनात आपोआप तापलेला राहणारा प्लग, 1947 च्या सुमारास आला आणि विमानातली कॉइल-बॅटरी गेली, त्या सुटकेनंतरचं हे इंजिन. याची खुबी फार सुंदर आहे. सरळ उडताना ते इंधन जास्त आणि हवा कमी अशा मिश्रणावर 'फोर स्ट्रोक' आवाजात, एका फटक्याआड एक पेटत, आरामात चालतं. नाक वर गेलं की आपोआप प्रत्येक फटक्याला पेटू लागतं, आवाज चढतो, ताकद वाढते. माथा ओलांडला की परत मूळ सुरात. थ्रॉटल नसलेल्या विमानात हे इंजिन आपल्या मनानेच चढण ओळखतं. तबलजी समेच्या आधी किंचित पुढे सरकतो आणि समेवर पुन्हा बसतो, मला ते तसं ऐकू येतं.

त्याच्यासाठी पूर्ण मापाचं रिंगमास्टर बांधलं. बाल्सा महाग झाला आहे. चांगला, हलका तुकडा मिळायला तीन ठिकाणी विचारावं लागलं. फळी कापताना हाताला सगळं आठवत होतं. पंखाची खाच, नाकाचं प्लायवूड, ती तिरकी मोडायची जागा. चाळीस वर्षांनी, आणि या वेळी मूळ मापात.

सर आता नाहीत. त्यांच्या घरून मला त्यांचं हँडल मिळालं, लाकडी, घामाने काळं पडलेलं, त्यांनी स्वतः कोरलेलं. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

नकाशा मात्र मी नव्याने काढला. आमच्या त्या जुन्या, लहान केलेल्या मापाचा, कारण शिकायला तेच बरं. पाऊण महिना लागला. चष्म्याचा नंबर वाढला आहे आणि हात पूर्वीइतका स्थिर नाही, पण फासळीच्या गोलाईत तडजोड केली नाही. शेवटी उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकोन आखला आणि लिहिलं: रिंगमास्टर. रचना, मॅट कानिया, स्टर्लिंग मॉडेल्स, फिलाडेल्फिया. त्याखाली एक ओळ ज्यांनी ट्रेसिंगं काढली त्यांच्यासाठी, नावं माहीत नाहीत म्हणून नुसतीच रिकामी. त्याखाली सरांचं नाव.

गेल्या महिन्यापासून रविवारी सकाळी मैदानावर तीन कॅडेट येतात, दोन मुली आणि एक मुलगा. विजेच्या तारांपासून लांब, मोकळं मैदान मिळायलाच आम्हाला चार चकरा पडल्या. पोलादी तारा हातात असताना तिथे हयगय चालत नाही. त्यांच्यातली सगळ्यात लहान मुलगी नकाशा पहिल्यांदा बघत होती तेव्हा बोट सरकवत सरकवत कोपऱ्यापाशी आली. "काका, हे कोण?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने "मॅट कानिया" असं दोनदा म्हणून बघितलं. मग रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि इथे?" मी तेही सांगितलं, जेवढं माहीत होतं तेवढं.

परवाच्या रविवारी तिचं पहिलं उड्डाण झालं. मी मागे उभा होतो, तिच्या हातावर हात ठेवून. मनगट बांधून टाक, म्हटलं. विमानाकडे बघ. चौथ्या फेरीला मी हात काढून घेतला, तिला कळलं नाही. टाकी संपेपर्यंत तिने उंची सोडली नाही. उतरल्यावर ती गवतावर मांडी घालून बसली, दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून, जमीन थांबायची वाट बघत. मी पंखावरचं एरंडेल फडक्याने पुसत होतो. थोड्या वेळाने ती उठली, हँडल मनगटाच्या दोरीत अडकवलं, आणि वारा कुठून आहे ते बघायला चिमूटभर सुकं गवत हवेत सोडलं.